पाच सेंटांचा टीव्हीवर तोरा

तुमच्या कानावर आलंय की नाही ठाऊक नाही, पण अमेरिकेत पाच सेंटांच्या एका नाण्याने टीव्हीच्या मालिकेत काम केलंय. हो हो, नाण्याने! जवळून चित्रण करायचं होतं, तर नकली चकतीवर भागवता आलं असतं की नाही? छे! खरंखुरं नाणं आणून कॅमेऱ्यापुढे ठेवलं. ‘हवाई फाइव्ह-ओ’ ही तिथली गाजलेली पोलिसी मालिका. ११ डिसेंबर १९७३ ला दाखवलेल्या भागाचं नावसुद्धा या नाण्यावरूनच ठेवलेलं, ‘द हंड्रेड थाउजंड डॉलर निकल’. माणसं ऑडिशनच्या रांगेत उभी राहून म्हातारी होतात, हवालदाराची दोन वाक्यांची भूमिका मिळाली तर गल्लीभर पेढे वाटतात, आणि इथे जेमतेम दोन सेंटिमीटरचं नाणं शीर्षकभूमिकेत! त्यातून म्हणवून घेतं निकल, आणि अंगात तीन चतुर्थांश तांबं. कलियुग म्हणतात ते आणखी कोणतं?

बरं, टीव्हीवर जायलाही हरकत नाही. हल्ली कोण जात नाही? पण जाणाऱ्याचं घराणं तरी बघावं. या नाण्याच्या जन्माची कथा ऐकलीत तर कानांवर हात ठेवाल. म्हणून जरा जवळ सरका.

अमेरिकेत १८८३ पासून पाच सेंटांच्या नाण्यावर लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचं मस्तक असे. १९१२ पर्यंत सगळं रीतसर चाललं. १९१३ मध्ये सरकारने देवीला निरोप दिला आणि तिच्या जागी एका अंगाला अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचा चेहरा नि दुसऱ्या अंगाला बायसन असलेलं नवं नाणं आणलं. म्हणजे १९१३ सालचं लिबर्टीचं नाणं जगात असायलाच नको. टाकसाळीच्या दप्तरात त्याची नोंद नाही. आणि तरीही अशी पाच नाणी आहेत! पाच भावंडं, जन्मदाखला एकाचाही नाही, आणि बापाचं नाव विचारलंत तर सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवतात.

त्या माणसाचं नाव सॅम्युएल ब्राऊन. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत नोकरीला होता, १९१३ मध्ये तिथून बाहेर पडला. मग बरीच वर्षं चिडीचूप. डिसेंबर १९१९ मध्ये नाणेसंग्राहकांच्या ‘द न्यूमिस्मॅटिस्ट’ या मासिकात त्याची जाहिरात आली की १९१३ चं लिबर्टी निकल कोणी आणून दिलं तर एकेका नाण्याला ५०० डॉलर देईन. जे नाणं सरकारने पाडलंच नाही, ज्याचं नाव तोवर कोणी ऐकलेलं नाही, त्याच्यासाठी ५०० डॉलर! आणि १९२० च्या ऑगस्टमध्ये शिकागोला संग्राहकांचं संमेलन भरलं, तिथे हे महाशय तेच नाणं घेऊन हजर. आता जाहिरात दिली म्हणून नाणं सापडलं, की नाणी आधीच खिशात होती आणि ती बाहेर काढायला निमित्त हवं म्हणून जाहिरात दिली? कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही आणि मी कोणावर आरोप करत नाही. मी आपली विचारते. पुढे हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडा या गावाचा महापौर झाला, एवढंच सांगून ठेवते. महापौर!

पाचही भावंडं मग एकाच घरी दत्तक गेली. कर्नल ग्रीन नावाचे गृहस्थ. यांच्या मातोश्री हेटी ग्रीन म्हणजे अमेरिकेतली अतिश्रीमंत आणि अतिचिक्कू बाई. लोक तिला वॉल स्ट्रीटची चेटकीण म्हणत. आईने पै-पै दाबून ठेवली आणि चिरंजीवांनी त्याच पैशांतून पाच-पाच सेंटांची पाचही नाणी उचलली. १९३६ मध्ये कर्नल वारले, तोवर ती त्यांच्याकडेच होती. मग भावंडांची ताटातूट झाली. त्यातलं एक तर पुढे इजिप्तच्या फारूक राजाच्या खजिन्यातही राहून आलं, आणि मालिकेत काम केलं ते हेच!

आता इथे एका गृहस्थाची ओळख करून द्यायलाच हवी, कारण या सगळ्या प्रसिद्धीचं मूळ त्याच्यापाशी आहे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा बी. मॅक्स मेल. टीव्ही घरोघरी यायच्या आधीच याने वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून सगळ्या देशाला सांगून ठेवलं होतं की १९१३ चं लिबर्टी निकल आणा आणि ५० डॉलर घेऊन जा. मंदीचे दिवस, ५० डॉलर म्हणजे केवढी रक्कम! सगळा देश सुटे पैसे उलटेपालटे करून बघू लागला. ट्रामचे कंडक्टर भाड्याची नाणी तपासत बसायचे आणि त्यापायी ट्रामा रेंगाळायच्या, असंही सांगतात. खरंखोटं त्या कंडक्टरांना ठाऊक. आणि त्या काळात पाचही नाणी होती कुठे? कर्नलांच्या घरी! कोणाच्या खिशात सापडणार होती डोंबलाची? त्या जाहिरातींतून मेलला एकही नाणं मिळालं नाही. पण जुन्या नाण्यांना काय भाव मिळतो ते सांगणारं त्याचं एक पुस्तक होतं, किंमत एक डॉलर. लोक नाणं शोधण्यासाठी आधी ते पुस्तक घ्यायचे. समजलं ना? नाणं नसतानाही धंदा चालतो, भाव तेवढा मोठ्याने सांगता आला पाहिजे. मेलचं नाव लक्षात ठेवा. त्याची नातवंडं-पतवंडं सध्या तुमच्या फोनमध्ये मुक्कामाला आहेत.

हं, तर मालिका. होनोलुलूच्या हॉटेलात नाण्यांचं प्रदर्शन भरलंय. एका धिप्पाड, नाणीवेड्या बदमाशाला ते निकल हवंय. त्यासाठी तो हातचलाखीत पटाईत असलेल्या एका भुरट्याला तुरुंगातून सोडवून आणतो. १९०३ च्या साध्या नाण्यावरच्या शून्याचा एक करून नक्कल तयार होते. लिलावाआधी नाणं बघायच्या निमित्ताने भुरटा अदलाबदल करतो. पण पहारेकरी मागे लागतात, आणि अंगावर माल सापडू नये म्हणून हा पठ्ठ्या ते लाख डॉलरचं नाणं वर्तमानपत्र विकणाऱ्या यंत्रात टाकतो! तिथून ते या हातातून त्या हातात बेटभर फिरतं, आणि मागून मालिकेचा नायक, जॅक लॉर्डने रंगवलेला पोलीस अधिकारी मॅकगॅरेट, आणि त्याची फौज धावत सुटते.

माझ्या मते आख्ख्या भागात सर्वांत खरी गोष्ट हीच आहे. लाख डॉलरचं नाणं इतक्या लोकांच्या हातात पडलं आणि एकाचीही नजर त्यावर ठरली नाही. कशी ठरेल? भाव सांगायला शेजारी कोणी उभं नव्हतं ना! टीव्हीवर नाणं दाखवतात असं आपण म्हणतो, पण खरं तर दाखवतात तो आकडा. नाणं नुसतं आकड्यासोबत आलेलं पाहुणं असतं.

आणि आकडा खरा होता बरं का. १९७२ मध्ये हे नाणं लाख डॉलरलाच विकलं गेलं होतं. मालिकावाल्यांनी बिलाची रक्कम उचलून शीर्षक केलं. टीव्हीवर झळकल्यानंतर १९७८ मध्ये त्याचे दोन लाख झाले. २०१० च्या जानेवारीत लिलावात ३७,३७,५०० डॉलर! बघा, कॅमेऱ्यापुढे गेल्याचा केवढा फायदा, असं म्हणायला तोंड उघडावं, तर २०१४ मध्ये तेच नाणं पुन्हा लिलावाला आलं आणि ३२,९०,००० ला गेलं. चार वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास उतरलं. २०१० चा आकडा लोक अजून चघळतात. २०१४ चा मात्र कुजबुजूनच सांगावा लागतो, म्हणून मी तो इथे कुजबुजते.

दुसऱ्या भावंडाची कहाणी याहून भारी. तुम्ही म्हणाल रचून सांगते आहे, पण एक अक्षर पदरचं नाही.

नॉर्थ कॅरोलायनात राहणारे जॉर्ज वॉल्टन नावाचे संग्राहक. ९ मार्च १९६२ ला ते नाण्यांच्या प्रदर्शनाला निघाले होते, वाटेत मोटारीचा अपघात झाला आणि ते गेले. अपघाताच्या जागी नाणी विखुरली होती, त्यांत हे निकलही होतं. वारसांनी संग्रह विकायला काढला तेव्हा जाणकारांनी भिंग लावलं आणि फैसला दिला की बाकी सगळं ठीक, हे निकल खोटं, याच्यावरचं साल कोणीतरी बदललंय. झालं! खोटं ठरलेलं नाणं घरी परत आलं आणि बहिणीच्या कपाटात जाऊन पडलं. एक नाही, दोन नाही, चाळीस वर्षं. त्याच काळात भावंडं बघा काय करत होती. एक मालिकेत नाचलं. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात काचेआड विराजमान झालं. बाल्टिमोरच्या लुई एलियासबर्ग यांच्याकडच्या नाण्याने १९९६ मध्ये लिलावात १४,८५,००० डॉलर घेतले, आणि दहा लाखांची रेघ ओलांडणारं जगातलं पहिलं नाणं म्हणून पेपरांत नाव छापून आणलं. आणि हे बिचारं कपाटात, माथी कलंक!

मग २००३ साल उजाडलं. बाल्टिमोरला जुलैच्या अखेरीस संग्राहकांचं मोठं संमेलन. चारही भावंडांना एकत्र मांडायचं ठरलं, आणि आयोजकांपैकी कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की चार आहेत तर पाचव्यासाठी बक्षीस लावू या. पाचवं नाणं आणा, किमान दहा लाख डॉलर घ्या! बातमी म्हणजे काय, वाऱ्याने नेली. टीव्हीवर आली, पेपरांत आली, घरोघरी पोचली. वॉल्टन यांच्या कुटुंबीयांनी ती ऐकली आणि कपाटातलं पाकीट उचलून थेट बाल्टिमोर गाठलं. मध्यरात्रीच्या सुमारास बंद खोलीत सहा तज्ज्ञ बसले. पाचवं नाणं उरलेल्या चौघांशेजारी ठेवलं, रेघ न् रेघ ताडून बघितली. आणि सहाही जणांनी मान डोलावली. खरं आहे!

म्हणजे ज्यांच्या जन्माचाच पत्ता नाही अशा चौघांनी पाचव्याच्या खरेपणाची ग्वाही दिली. मला तर इथे हसावं की कपाळावर हात मारावा कळत नाही. सरकारी दप्तराप्रमाणे पाचही नाणी नाहीतच. पण त्या नसलेल्या नाण्यांतही एक खरं नसलेलं आणि एक खोटं नसलेलं असा भेद! आणि २५ एप्रिल २०१३ ला हे एकेकाळचं खोटं नाणं ३१,७२,५०० डॉलरला विकलं गेलं. धातू तोच, साल तेच, तीच देवी. १९६२ मध्ये त्याला कोणी विचारलं नाही आणि आता रांग. मधल्या काळात नाण्यात कणभर बदल झालेला नाही. बदललं ते त्याच्याविषयी कॅमेऱ्यासमोर काय बोललं जातं तेवढं.

या घराण्यात टीव्हीच्या वाटेला न जाता लोकांत मिसळणारं नाणंही होतं हो. मॅकडरमॉट नावाच्या मालकाचं. हे गृहस्थ आपलं निकल बरोबर घेऊन हिंडायचे आणि दारूच्या गुत्त्यात बसले की शेजारच्या माणसाच्या हातात बघायला द्यायचे, असं सांगतात. ना काच, ना पहारेकरी, ना निवेदक. आता चांगल्या घरच्या नाण्याने गुत्त्यात जावं का, हा प्रश्न आहेच. पण मी म्हणते, लाखमोलाचं नाणं हातात घेऊन बघायचं सुख सामान्य माणसाला मिळालं असेल तर ते तिथेच. १९६७ मध्ये ते ४६,००० डॉलरला विकलं गेलं आणि १९८९ मध्ये नव्या मालकांनी ते अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. म्हणजे पाचांतलं सर्वांत उनाड कार्टं शेवटी संस्थेच्या आश्रयाला गेलं.

निकलवाल्यांना एवढं नावाजलं म्हणून सोन्याच्या घराण्याने रुसू नये. १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, ज्याला तिकडे डबल ईगल म्हणतात. पाडली ४,४५,५००, आणि चलनात आणायच्या आधीच सरकारने सोन्याची नाणी बंद केली, म्हणून जवळजवळ सगळी वितळवली. काही मागल्या दाराने निसटली. त्यातलं एक पुन्हा आपल्या फारूक राजाकडे! (हा राजा कुठे नव्हता ते सांगा.) १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात एक इंग्रज व्यापारी असं नाणं विकायला गेला, तर गिऱ्हाईक म्हणून बसलेले निघाले सरकारी गुप्तहेर. चांगली पाच वर्षं खटला चालला. तोवर नाणं वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या तिजोरीत होतं, आणि २००१ च्या जुलैत तिथून हलवलं. सप्टेंबरात काय झालं ते मी सांगायला नको. २००२ मध्ये लिलाव झाला, ७५,९०,०२० डॉलर. हे शेवटचे २० डॉलर कसले? तर नाणं अधिकृतपणे चलनात आलं म्हणून सरकारला त्याची दर्शनी किंमत भरली! पंच्याहत्तर लाखांच्या वर मोजलेत, पण वीस डॉलर सोडले नाहीत. याला म्हणतात सरकार. २०२१ मध्ये तेच नाणं जवळजवळ एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरला गेलं.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली राजेरजवाड्यांची चैन, आपल्यासारख्यांनी काय करावं? तर आपल्यासारख्यांसाठी तिकडे रात्रीच्या खरेदीवाहिन्या आहेत. मखमलीवर नाणं, त्याच्यावर झगझगीत दिवा, कोपऱ्यात उलट मोजणारं घड्याळ, आणि जणू घरात पाळणा हललाय अशा आवाजात ओरडणारा निवेदक. नाणं प्लॅस्टिकच्या डबीत बंद, डबीवर गुण छापलेले, सत्तरपैकी सत्तर! आपल्या पोरांना शंभरांत सत्तर मिळाले तर घरात सुतक असतं, तिकडे सत्तर म्हणजे परिपूर्ण. पण नाणं कुठलं? तर याच वर्षी पाडलेलं चांदीचं एक डॉलरचं, ज्याच्या एकेका वर्षात कोट्यवधी प्रती निघालेल्या आहेत. एवढ्या कोटींत दुर्मिळ काय, तर म्हणे डबी!

आणि ही सत्तर गुणांची पट्टी कोणी काढली, ते तर ऐकाच. विल्यम शेल्डन नावाचे मानसशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये त्यांनी जुन्या अमेरिकन सेंटांवर पुस्तक लिहिलं, त्यात १ ते ७० अशी नाण्याची प्रत ठरवायची रीत दिली. आज सगळा बाजार तिच्यावर चालतो. डॉक्टर वारले १९७७ मध्ये. त्यानंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी त्यांनी आपली हलक्या प्रतीची ठेवून दिली होती! अहो, मालिकेतला भुरटा परवडला. त्याने एकाच नाण्याची अदलाबदल केली, आणि तीही टीव्हीवर.

तिकडचं फार झालं, आता घरचं झाकलेलं जरा उघडू या. आपल्या वाहिन्यांना हे वेड लागलं तेव्हा त्यांनी दुर्मिळ नाणं शोधायची कटकटच ठेवली नाही. पडद्यावर लाल पट्टी, खाली पळती ओळ: ‘तुमच्याकडे हे नाणं आहे का? व्हाल रातोरात लखपती!’ शेजारी वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं. हे नाणं २०१२ मध्ये निघालं, मुबलक निघालं, आणि कितीतरी देव्हाऱ्यांत आज हळदकुंकू लावून बसलंय. दुसरं आवडतं पात्र म्हणजे ज्या नोटेच्या क्रमांकात ७८६ आहे ती. ती शोधण्यासाठी चांगले शिकलेसवरलेले लोक पगाराची नोट न् नोट उलगडून बघतात. त्या नोटेला कोणी हौसेने चार पैसे जास्त देईलही, पण लाखो?

यातली गंमत सांगू? दहा रुपयांचं नाणं भाजीवाल्याने परत दिलं तर ‘हे चालत नाही, नोट द्या’ म्हणून वाद घालणारे हेच लोक. दहाच्या नाण्याचे वेगवेगळे नमुने बघून ते खोटं असल्याची अफवा इतकी पसरली की रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जानेवारीत सांगावं लागलं की बाबांनो, १४ नमुने काढलेत आणि चौदाही खरे आहेत. म्हणजे दुपारी बाजारात जे नाणं दहा रुपयांनाही नको, ते रात्री नऊच्या बातम्यांत दहा लाखांना खरं वाटतं! कपाळ माझं.

आणि खरोखर दुर्मिळ आहे त्याचं नाव घेईल तर शपथ. जॉर्ज सहाव्याचा १९३९ सालचा चांदीचा रुपया संग्राहक शोधत फिरतात. त्यावर कधी लाल पट्टी पाहिलीत? शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन बघायला मिळणं म्हणजे भाग्य. त्याची आठवण वर्षातून एकदा, जूनमध्ये, राज्याभिषेकदिनाच्या आगेमागे. आणि भानगडच हवी असेल तर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे की! १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. शत्रूला हरवलं, त्याची नाणी गोळा केली आणि थेट त्याच्या तोंडावर आपली मोहोर उठवली! हजारो वेळा! यात सूड आहे, राजकारण आहे, अपमान आहे, मालिकेचे दोनशे भाग निघतील. पण एका नाण्याला किती लाख, ते सांगता येत नाही ना. मग वाहिनीवर कोण बोलावणार त्याला?

जहांगीर बादशहाच्या हजार मोहरांच्या नाण्याचं तर त्याहून विचित्र. १६१३ साली आग्र्याला पाडलेलं, वजन जवळजवळ १२ किलो. नाणं कसलं, परातभर सोनं! हैदराबादच्या निजामाच्या घराण्याकडे होतं म्हणतात. १९८७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात त्याचं नाव आलं, इकडे सीबीआयने चौकशी लावली, आणि नाणं आजतागायत कोणाला सापडलेलं नाही. इतकं मोठं नाणं, जे कॅमेऱ्यात मावायला खरोखर कष्ट पडले असते, तेवढंच तोंड लपवून बसलंय. त्याला बाकीच्यांपेक्षा अब्रूची चाड जास्त असावी.

वाडा पाडताना नाण्यांचा हंडा निघाला की हल्ली कुदळ टेकायच्या आत फोनवर चित्रण सुरू होतं आणि ते आधी स्थानिक वाहिनीकडे जातं. कायदा आहे १८७८ सालचा. जमिनीत किंवा जमिनीला जडलेल्या वास्तूत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! तेव्हाचे असले म्हणून काय झालं, आकडा अजून तोच आहे. हौशी मंडळी मुलाखत देऊन मोकळी होतात आणि दुसऱ्या दिवशी तहसीलची गाडी दारात उभी राहिली की चॅनेलवाल्यांना शिव्या घालतात.

या सगळ्या चकचकाटाचा शेवट कुठे होतो ठाऊक आहे? फोनवर. बातमी बघून कोणीतरी वैष्णोदेवीच्या नाण्याचा फोटो इंटरनेटवर टाकतं. अर्ध्या तासात गिऱ्हाईक हजर. नाणं न बघता, घासाघीस न करता, सांगाल त्या भावाला तयार. फक्त आधी नोंदणीचे थोडे पैसे भरा. मग कर. मग विमा. मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन, आणि त्यासोबत बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र, त्यावर शिक्का, खाली इंग्रजीत सही. मॅक्स मेल निदान डॉलरच्या बदल्यात छापील पुस्तक तरी देत होता हो! हे काहीच देत नाहीत. पैसे गेले की नंबर बंद, आणि नाणं तुमच्याच हातात, दहा रुपयांचं.

४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही, बँक त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावाने ते वसूल करायला तिने कोणालाही नेमलेलं नाही. तेव्हा आजोबांच्या डब्यातलं नाणं दाखवायचंच असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात न्या, जाणत्या संग्राहकाला दाखवा, तो भिंग लावून दोन मिनिटांत सांगेल. विकत घेणाऱ्याने पैसे द्यायचे असतात, विकणाऱ्याने नाही. त्यामुळे फोनवरच्या ‘गिऱ्हाइकाने’ तुमच्याकडेच पैसे मागितले तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा नंबर फिरवा.